डिफॉल्ट कोणासाठी असतो?

लिनक्स मंडळींमध्ये एक वाद दर थोड्या वर्षांनी हटकून निघतो. सिस्टीमच्या नव्या आवृत्तीबरोबर कंपायलर कुठला द्यायचा? कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम. तो बदलला की त्याच्यावर उभं असलेलं सगळंच पुन्हा तपासायला लागतं.

२०२५ चंच उदाहरण घ्या. जीसीसी १५ अधिकृतपणे आला २५ एप्रिलला. फेडोरा ४२ ने त्याची कच्ची आवृत्ती दहा दिवस आधीच वाढली. डेबियन १३ आलं ऑगस्टमध्ये, तेही जीसीसी १४ घेऊन! आमच्या लॅबमधल्या तरुण पोरांना ही शिळी भाकरी वाटते. मला नाही वाटत.

ज्याला नवा कंपायलर हवाय तो बसवून घेईलच की. डिफॉल्ट असतो तो काहीच न निवडणाऱ्यासाठी. जीसीसी १५ सी भाषेचं २०२३ चं प्रमाण गृहीत धरतो, त्यामुळे वर्षानुवर्षं सुरळीत चाललेला जुना कोडही अडू शकतो. डेबियनमध्ये जवळजवळ सत्तर हजार पॅकेजेस, प्रोसेसरचे सात प्रकार, आणि दुरुस्त करणारे बरेचसे लोक बिनपगारी. घाई कशी परवडणार?

इथे स्टुटगार्टला 'केरवोखं' नावाचा प्रकार असतो, म्हणजे केर काढायचा आठवडा. (शब्द अगदी आपलाच वाटतो ना!) दाराला पाटी लागली की जिना झाडायची पाळी तुमची, हौस असो वा नसो. डेबियननेही १५ मार्च २०२५ ही कंपायलर गोठवायची तारीख आधीच जाहीर केली होती. त्या दिवसापर्यंत जे तयार, ते आत.

फेडोरा चुकतं असं मात्र नाही. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. ठेच खायला कुणीतरी पुढे हवंच, फक्त त्याने ती जाणूनबुजून खावी. २००० साली रेड हॅट ७.० मध्ये '२.९६' नावाचा अनधिकृत जीसीसी आला. त्याने बांधलेले सी++ प्रोग्राम ना आधीच्या जीसीसीशी जुळत, ना नंतरच्या. खुद्द कर्नलसाठी वेगळा कंपायलर द्यावा लागला. ती ठेच बेसावध लोकांना लागली.

आता कुणी म्हणेल, म्हणजे जुनं तेच सोनं? छे! आपल्याकडच्या कित्येक इंजिनियरिंग कॉलेजांत वर्षानुवर्षं टर्बो सी++ वरच प्रॅक्टिकल्स झाली. सी++ चं पहिलं आयएसओ प्रमाण १९९८ चं, आणि टर्बो त्याच्याही आधीचा. 'व्हॉइड मेन' आणि 'क्लिअरस्क्रीन' घोकलेला मुलगा नोकरीत जीसीसीसमोर बसला की पहिल्याच ओळीला ठेचकाळतो. तो डिफॉल्ट कुणी विचार करून निवडला नव्हता, बदलायचा राहून गेला होता.

सी-डॅकची 'बॉस' ही आपली भारतीय सिस्टीम डेबियनवरच आधारलेली आहे. त्यामुळे डेबियनचा निर्णय आपल्याकडच्या सरकारी कचेऱ्यांपर्यंतही पोचतो. वर्षभर जुना कंपायलर मला चालेल. पण तो कुणीतरी तपासलेला हवा, आणि तो कधी बदलणार हेही ठरलेलं हवं.