सोनटक्क्याची पिवळी बहीण

मैत्रिणींनो, आपल्या सोनटक्क्याची एक पिवळी बहीण आहे, काहिली जिंजर. मूळची हिमालयातली. शोभेसाठी हवाई बेटांवर नेली आणि ती बागेतून जंगलात शिरली. तिच्या बिया पक्षी पसरवतात. जमिनीखाली कंदांचं इतकं दाट जाळं होतं की ओहियासारख्या स्थानिक झाडांची रोपं वर येऊच शकत नाहीत. कंदाचा तुकडा राहिला तरी पुन्हा फुटतो. न्यूझीलंडमध्ये तिच्या विक्रीला बंदी आहे, आणि मला ती पटते. दोष फुलाचा नाही, आपल्या हौसेचा आहे. परदेशी लेकीकडे जाताना आठवण म्हणून बॅगेत कंद नेऊ नका. तिच्या अंगणात तिथलंच फुलझाड लावा. आपल्या शोभेपायी दुसऱ्या जिवांची जागा जाऊ नये.