सायकल : उद्योगाची पहिली शाळा

किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ १८८८ साली आपल्या बेळगावात सायकलींच्या एका लहानशा दुकानातून झाला. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर त्यानंतरचे, आणि किर्लोस्करवाडी तर १९१० सालची. यंत्र उघडून पाहणारा हातच पुढे यंत्र घडवितो, हा त्यातील बोध होय.

तो बोध आज आपल्या घरांतून लोपत चालला आहे. बेळगाव-निपाणीच्या पेठांत हाकेच्या अंतरावर जावयाचे, तरी मुले स्कूटर काढतात. आणि घरची सायकल एक पायडल सैल झाले की अडगळीत जाते. वस्तुतः पेढीवरील जुन्या गोणपाटाची दुहेरी पिशवी शिवून कॅरियरला अडकवावी, सुताराकडून दांडीवर बाळासाठी लाकडी बैठक करवून घ्यावी, मडगार्डाखाली फाटक्या ट्यूबचा तुकडा लावावा, म्हणजे चिखल उडत नाही. यास खर्च तो किती? असलेली वस्तू जपून वापरणे हे अपरिग्रहाचे व्यवहारातील रूपच आहे.

व्यापाऱ्याची मुले हिशेब शिकतात, पण पाना धरावयास शिकत नाहीत, ही उणीव आम्हांस बोचते. तरी प्रत्येक सभासदाने आपल्या मुलामुलींकडून येत्या सुट्टीत निदान एक पंक्चर स्वहस्ते काढवून घ्यावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.