खाणी चालू असतानाचा आकडा

गोव्यातील दारिद्र्याचे अधिकृत प्रमाण 5.09 टक्के. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने काढलेल्या या आकड्यासाठी गावात दरमहा माणशी 1,090 रुपये आणि शहरात 1,134 रुपये ही खर्चाची रेषा धरली होती. त्यामागची कुटुंबखर्चाची नमुना पाहणी जुलै 2011 ते जून 2012 या काळातली. सप्टेंबर 2012 मध्ये राज्यातील लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या. म्हणजे खाणींवर जगणाऱ्या डिचोली तालुक्यावर संकट कोसळण्याच्या अगदी आधीची स्थिती त्यात नोंदली गेली, आणि पुढे दशकभर तोच आकडा सरकारी कागदांत वावरत राहिला.

2017-18 ची खर्च पाहणी झाली, पण तिचे निष्कर्ष केंद्राने प्रसिद्ध केले नाहीत. त्याच पाहणीच्या काळात, फेब्रुवारी 2018 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्टे रद्द केले.

पाहणी जुनी असली की अंदाजावर भागवावे लागते. जुन्या पाहणीतल्या प्रत्येक कुटुंबाचा खर्च राज्याच्या दरडोई उत्पन्नवाढीइतका, किंवा तिच्या काही हिश्शाइतका वाढवायचा, महागाई वजा करायची आणि रेषेखाली किती उरतात ते मोजायचे. यात गृहीत असे की वाढ सर्वांच्या वाट्याला सारखीच येते. डिचोलीतल्या मये, शिरगावात कर्ज काढून घेतलेला ट्रक ताडपत्री घालून अंगणात उभा राहतो आणि बँकेचा हप्ता थांबत नाही, तेव्हा हे गृहीतक कोलमडते. ट्रकमालकापाठोपाठ चालक, गॅरेजवाला आणि चहाच्या गाड्यावाला यांची मिळकतही आटते. राज्याचे उत्पन्न मात्र औषध कारखाने आणि पर्यटन सावरून धरतात. उलट बाजूही आहे: राज्य सरकारच्या गृह आधारसारख्या योजनेचे पैसे थेट घरात येतात, तेही या हिशेबात नीट धरले जात नाहीत.

नीती आयोगाच्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकात गोव्याचे प्रमाण 2015-16 मधील 3.76 टक्क्यांवरून 2019-21 मध्ये 0.84 टक्क्यांवर आले. हा निर्देशांक शिक्षण, आरोग्य, शौचालय, गॅस, घर पाहतो. खाणीच्या पैशातून बांधलेले पक्के घर मजुरी थांबल्यावरही पक्केच राहते, तेव्हा या घटीवरून चूल कशी चालली ते समजत नाही.

त्यानंतर प्रसिद्ध झालेली खर्च पाहणी ऑगस्ट 2022 ते जुलै 2023 ची. तीत ग्रामीण गोव्याचा माणशी मासिक खर्च 7,367 रुपये आणि शहरी 8,734 रुपये निघाला. दारिद्र्यरेषा मात्र सरकारने नव्याने आखली नाही. शिवाय, पेडणे तालुक्यात मोपा विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली ती जानेवारी 2023 मध्ये, म्हणजे पाहणी निम्म्यावर आली असताना. विमानतळासाठी जमीन गेलेले घर आणि त्यामुळे टॅक्सी मिळालेले घर राज्याच्या सरासरीत एकच होऊन जातात, कारण गोव्यातला नमुना तालुक्यापुरते उत्तर देण्याइतका मोठा नाही.

राज्याच्या सांख्यिकी खात्याने पुढच्या पाहणीत पेडणे आणि डिचोलीतला नमुना वाढवावा, आणि तोवर प्रत्येक टक्केवारीशेजारी पाहणीचे वर्ष ठळक छापावे.