कार्ड घेताय? आधी सॉकेट बघा!

पगार झालाय, सेल लागलाय आणि ब्राउझरमध्ये सतरा टॅब उघडे आहेत. प्रत्येक टॅबमध्ये एकेक ग्राफिक्स कार्ड. तीन पंख्यांचं, रंगीत दिव्यांचं आणि किंमत अशी की बॉसला पगारवाढीचा मेल टाकावासा वाटेल! ओळखीचं वाटतंय ना? मग आजचा कॉलम तुमच्यासाठीच आहे. खास करून लॅपटॉप बॅगेत टाकून गावाकडून काम करणाऱ्यांसाठी.

केस आहे आमच्या कणकवलीची. माझा मामेभाऊ २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुण्याहून घरी गेला आणि कंपनीच्या कृपेने तिथेच राहिला. दिवसा कोड, रात्री गेम आणि दोन्हीसाठी पीसी एकच. म्हणजे हा डबा बंद पडला तर फक्त गेम नाही, पगारही अडकतो. सध्या त्यात २०१९ चं जीटीएक्स १६५० हे चार जीबीचं कार्ड आहे. नव्या गेम्ससमोर ते बिचारं धापा टाकतं. साहेबांचा डोळा होता आरटीएक्स ५०७० वर. वर्षभराची बचत अधिक ईएमआय. "ताई, घेऊ ना?" असा फोन आला. मागून मामीचा आवाज, "ह्या पैशात नवो फ्रीज इलो असतो!"

फ्रीजचा विषय बाजूला ठेवून आम्ही दोघांनी व्हिडिओ कॉलवर त्याच्या पीसीची झडती घेतली. तीच इथे देतेय.

पहिला फंडा : मॉनिटर काय म्हणतो?
त्याचा मॉनिटर आहे फुल एचडी, ६० हर्ट्झचा. म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण २१ लाख पिक्सेल, सेकंदाला जास्तीत जास्त ६० वेळा. कार्डाने १४० फ्रेम काढल्या तरी हा पठ्ठ्या दाखवणार ६०च. १४४० पीला पिक्सेल होतात सुमारे ३७ लाख आणि फोर केला ८३ लाख. महागडी कार्डं खरी कामाला येतात ती तिथे. मॉनिटर बदलायचा नसेल, तर कार्डाच्या बजेटला तिथेच ब्रेक लावा.

दुसरा फंडा : दोषी कोण?
दरवेळी कार्डच दोषी असतं असं नाही. गेमचं रिझोल्यूशन एकदम खाली आणा. फ्रेम्स झपकन वाढल्या तर कार्ड कमी पडतंय. जिथल्या तिथे राहिल्या तर गाडी प्रोसेसरपाशी अडलीय आणि नवीन कार्ड घालून फार फरक पडणार नाही. भावाचा प्रोसेसर रायझन ५ ३६००, वय झालंय पण सहा कोअरचा. त्याच्या फ्रेम्स वाढल्या. म्हणजे अपग्रेडची गरज खरी होती, फक्त आकडा जरा हवेत होता. (आणि हो, मॉनिटरची केबल कार्डात लावलीय की मदरबोर्डमध्ये, तेही बघून घ्या. हसू नका, ही चूक भले भले करतात!)

तिसरा फंडा : वीज झेपेल का?
मुंबई-पुण्यात आपण हे विचारतच नाही. कणकवलीत मात्र खरा पेपर हाच. पावसाळ्याच्या तोंडावर विजा कडाडतात, झाडाची फांदी तारेवर पडते, लाइट जाते, येते, पुन्हा जाते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा सिंधुदुर्गातली कित्येक गावं काही दिवस अंधारात होती.

आता हिशेब करा. ५०७० खातं २५० वॅट. त्याचा प्रोसेसर जोर लावला की ९० च्या आसपास, बाकीचे पार्ट्स आणि मॉनिटर मिळून ७५. झाले ४१५. टेबलाखालचा यूपीएस ६०० व्हीएचा. ऐकायला दणदणीत, पण असे यूपीएस प्रत्यक्षात देतात साधारण ३६० वॅट. म्हणजे ऐन फाइटमध्ये लाइट गेली की यूपीएस हात वर करणार आणि पीसी धाडकन बंद. वाचवायला ठेवलेला यूपीएसच कामाचा नाही! घरच्या इन्व्हर्टरवर पीसी असेल तर त्याचं बटण 'यूपीएस' मोडवर आहे ना, तेही बघा. दुसऱ्या मोडमध्ये बदल व्हायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात पीसी रीस्टार्ट होतो.

मग एसएमपीएस. त्याच्याकडे कॅबिनेटसोबत आलेला, ब्रँड नसलेला, '५०० वॅट'चा स्टिकर लावलेला. स्टिकरवर विश्वास ठेवू नका. १२ व्होल्टच्या लाइनवर किती वॅट मिळतात ते लेबलवर वाचा. इनपुटही वाचा. १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर व्होल्टेज पडलं तरी तो तग धरतो. २०० ते २४० असेल तर संध्याकाळी बल्ब मिणमिणायला लागले की जपून.

शेवटी अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात? भावाला येत होत्या आणि तो 'चालतंय' म्हणून दोन वर्षं चालवत होता! हे काम कार्डाच्या आधी, वायरमनला बोलावून. आणि वीज कडाडायला लागली की स्पाइक गार्डच्या भरवशावर राहू नका. पीसी आणि राउटर दोन्हींचे प्लग उपटा.

चौथा फंडा : बिघडलं तर जाणार कुठे?
वॉरंटी किती वर्षांची, हे सगळे विचारतात. सर्व्हिस सेंटर कुठे आहे, हे कोणी विचारत नाही. लॅमिंग्टन रोडवर घासाघीस करून घेतलेलं कार्ड कोकणकन्येत मांडीवर फणसासारखं सांभाळून आणता येतं, पण बिघडलं की तोच प्रवास उलटा. बिल आणि सीरियल नंबरचा फोटो जपून ठेवा, खोकं टाकू नका. सेकंडहँड घेत असाल तर समोर बसून अर्धा तास गेम चालवून बघा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं कार्डांवरचं मायनिंग बंद झालं आणि राबून राबून दमलेली बरीच कार्डं बाजारात आली. सगळीच वाईट नव्हती, पण बिल नसलेलं कार्ड म्हणजे लॉटरीचं तिकीट.

मग शेवटी ठरलं काय?
दोन नावं उरली. आरटीएक्स ५०६०, १४५ वॅट, ८ जीबी. आणि आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबीवालं, १६० वॅट. दोन्ही २०२५ ची. फुल एचडीला दोन्ही मस्त. पण भावाचा मदरबोर्ड जुना, पीसीआय एक्स्प्रेस ३ चा. ५०६० ला आठच लेन मिळतात. जड गेममध्ये ८ जीबी मेमरी भरली की कार्ड पीसीच्या रॅमकडे धावतं आणि हा रस्ता अरुंद असेल तर चित्र अडखळतं. दुसऱ्याला सोळा लेन आणि मेमरी दुप्पट. चार-पाच वर्षं टिकवायचं म्हटल्यावर त्याने ते घेतलं. सोबत चांगल्या ब्रँडचा एसएमपीएस, १००० व्हीएचा यूपीएस आणि वायरमनची मजुरी. सगळं बचतीत बसलं, ईएमआय शून्य.

मुंबईत फोर के मॉनिटर आणि पक्की वीज असलेल्याने कदाचित ५०७० च घ्यावं. माझं त्याच्याशी भांडण नाही. कार्ड चांगलं की वाईट हे बेंचमार्क सांगतो. पण तुमच्यासाठी योग्य कुठलं, हे तुमचा मॉनिटर, एसएमपीएस आणि भिंतीतलं सॉकेट ठरवतं. तेव्हा या वीकेंडला सतरा टॅब बंद करा, टॉर्च घ्या आणि टेबलाखाली शिरा. तिथली तांबडी धूळही पुसून टाका, नव्या पाहुण्याला श्वास घ्यायला बरं!

हॅपी गेमिंग!