नाडीचा ताल चुकतो तेव्हा

चाकणहून रात्रपाळी करून घरी आलेला माणूस म्हणतो, "छातीत फडफडतंय, जीव घाबराघुबरा झालाय." घरचे म्हणतात, जागरण झालंय, पित्त झालं असेल. लिंबू-सोडा दिला जातो, तासाभरात बरे वाटते आणि संध्याकाळी तो पुन्हा कंपनीची बस पकडतो. पुष्कळदा ते खरोखरच पित्त किंवा जागरण असते. पण कधीकधी ती हृदयाने दिलेली पहिली सूचना असते. ती ओळखली नाही, तर दुसरी सूचना थेट लकव्याच्या रूपाने येऊ शकते.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात एक छोटे केंद्र असते. तिथून निघणाऱ्या विजेच्या लहरीवर हृदय चालते. विश्रांतीत मिनिटाला साधारण ६० ते १०० ठोके पडतात. वरच्या कप्प्यांत अशा लहरी जागोजागी उठू लागल्या, की ते कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरतात. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. नाडी वेडीवाकडी चालते, दम लागतो, थकवा येतो. काहींना मात्र काहीच जाणवत नाही. खरा धोका पुढे आहे : थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचते, त्याची गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊन अडकते. या आजारात लकव्याचा धोका सुमारे पाचपट वाढतो.

उच्च रक्तदाब, मधुमेह, थायरॉइडचा विकार, हृदयाच्या अडलेल्या रक्तवाहिन्या, लठ्ठपणा, दारू, झोपेत घोरता घोरता श्वास अडकणे ही याची कारणे आहेत. पाळी बदलली की झोप बिघडते आणि रक्तदाबाची गोळीही राहून जाते, हे कामगारांच्या घरांत नेहमीचेच.

आपल्या देशात आणखी एक मोठे कारण आहे. लहानपणी घसा सुजून ताप येतो, पुढे सांधे दुखतात, आणि हा संधिवाताचा ताप हृदयाच्या झडपेवर घाव करून जातो. वर्षानुवर्षे झडप आकसत राहते. म्हणून इतरत्र म्हातारपणी दिसणारा हा आजार आपल्याकडे तिशी-चाळिशीतही दिसतो. कित्येक बहिणींना तो गरोदरपणात दम लागल्यावरच कळतो. हा ताप रोखणारे औषध म्हणजे पेनिसिलिन. पिंपरीचे त्याच्याशी जुने नाते आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने १९५४ साली इथेच हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलिन बनू लागले. मुलाचा घसा सुजून ताप आला तर डॉक्टरांना दाखवा आणि औषध दिले तर पूर्ण करा. संधिवाताचा ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन सांगितले असेल, तर "आता बरा आहे" म्हणून ते बंद करू नका.

निदानासाठी ईसीजी लागतो. शक्यतो धडधड चालू असतानाच काढावा. ती येऊन-जाऊन असेल, तर २४ तास अंगावर ठेवायचे यंत्र लावतात. सोबत इको आणि थायरॉइडची तपासणी होते. संत तुकारामनगरमध्ये महापालिकेचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय आहे. पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर मोहननगरला कामगार विमा रुग्णालय आहे.

उपचारात ठोक्यांची गती कमी करणारी औषधे असतात. काहींचा ताल औषधाने, विजेच्या सौम्य झटक्याने किंवा अॅब्लेशनने पूर्ववत करतात. पण ज्यांना गुठळीचा धोका आहे, त्यांच्यासाठी सर्वांत महत्त्वाची गोळी रक्त पातळ ठेवणारी. ती घेतल्यावर काही 'जाणवत' नाही, म्हणून तीच आधी सोडली जाते. ही चूक महागात पडते. झडप आकसलेली असेल तर बहुधा वॉर्फरिन देतात. त्यासाठी आयएनआर ही रक्ततपासणी नियमित करावी. मेथी-पालक खावे, पण आज भरपूर आणि महिनाभर काहीच नाही, असे करू नये. अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर घेऊ नये. हिजामा करून घ्यायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे, कारण रक्तस्राव थांबणे अवघड जाते.

रमजानपूर्वी दोन-तीन आठवडे डॉक्टरांना भेटा. गोळ्या सहरी आणि इफ्तारला बसवता येतील का, रोजा झेपेल का, हे त्यांनाच विचारा. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. मनाने गोळी बंद करू नका.

आज रात्री जेवण झाल्यावर अब्बा-अम्मींच्या अंगठ्याखाली, मनगटावर तीन बोटे ठेवा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. ठोके अनियमित वाटले, तर या आठवड्यातच ईसीजी काढून घ्या. आणि तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोबडी वळली किंवा धडधडीसोबत छातीत दुखून चक्कर आली, तर सकाळची वाट पाहू नका. त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा आणि १०८ ला फोन करा.