मुष्टियोद्ध्याच्या मुठी कोणाच्या?

धंदेवाईक मुष्टियुद्धाविषयीच्या कायद्यात बदल सुचविणारे एक विधेयक २०२५ साली अमेरिकन काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात मांडण्यात आले. जी संस्था सामने भरविते तिलाच योद्ध्यांची क्रमवारी लावण्याचा आणि अजिंक्यपदाचे पट्टे बहाल करण्याचा अधिकार मिळावा, हे त्या विधेयकाचे सार. किमान मानधन व वैद्यकीय विमा यांची आश्वासने त्यात आहेत. ती स्वागतार्ह आहेत. परंतु सामना भरविणारा, गुणवत्ता ठरविणारा आणि मुकुट देणारा हे तिघेही एकच असावेत, ही कल्पना आम्हांस घातक वाटते. अमेरिकेने हा प्रयोग पूर्वी एकदा करून पाहिला आहे, आणि त्याचा इतिहास विसरण्याजोगा नाही.

कुस्तीची जोड कोण लावतो यावर मल्लाचे निम्मे भवितव्य ठरते, हे कोल्हापूरच्या खासबाग मैदानावर कुस्त्या पाहिलेल्या वाचकांस सांगावयास नको. धंदेवाईक मुष्टियुद्धात ही जोड प्रमोटर लावतो. योद्ध्याशी तो काही वर्षांचा एकहाती करार करतो आणि त्या मुदतीत त्या योद्ध्याच्या मुठींचा जणू मक्ताच त्याच्याकडे जातो. प्रतिस्पर्धी कोण, सामना कोठे व केव्हा, प्रक्षेपणाचे हक्क कोणाला, हे सारे तोच ठरवितो. ठोसे मात्र योद्ध्याने खावयाचे असतात.

जो लुईचे उदाहरण घ्या. १९१५ साली जॅक जॉन्सन पराभूत झाल्यावर बावीस वर्षे एकाही कृष्णवर्णीय योद्ध्यास सर्वांत वजनदार गटाच्या जगज्जेतेपदासाठी लढू देण्यात आले नव्हते. १९३७ साली ते दार लुईसाठी उघडले, ते न्यायबुद्धीने नव्हे, सौद्याने. तत्कालीन जगज्जेता ब्रॅडक याच्या व्यवस्थापकाने लुईचा प्रमोटर माइक जेकब्स याच्याकडून अशी अट मान्य करून घेतली की, त्या गटातील जगज्जेतेपदाच्या सामन्यांवर जेकब्सला होणाऱ्या नफ्याचा दहावा हिस्सा पुढील दहा वर्षे ब्रॅडकला मिळावा. लुईने ब्रॅडकला आठव्या फेरीत लोळविले. पण पराभूताचा वाटा विजेत्याच्या पराक्रमावर आधीच बांधला गेला होता.

लुईने आपले पद पंचवीस वेळा राखले आणि १९४९ साली निवृत्ती पत्करली. येथे कथेला खेदजनक वळण लागले. निवृत्त होताना त्याने पुढील चार प्रमुख आव्हानवीरांशी एकहाती करार केले आणि ते नॉरिस व वर्ट्‌झ या धनिकांच्या नव्या इंटरनॅशनल बॉक्सिंग क्लबच्या स्वाधीन केले. मोबदला दीड लाख डॉलर, नोकरी आणि धंद्यात भागीदारी. लढून मिळविलेले जगज्जेतेपद अशा रीतीने विक्रीची वस्तू झाले. ज्याला कधीकाळी दाराबाहेर ताटकळावे लागले असते, त्याच्याच हातून त्या दाराची किल्ली मक्तेदारांकडे गेली.

पुढे करांच्या थकबाकीने पिचलेला लुई पुन्हा रिंगणात आला. १९५० साली तो एझर्ड चार्ल्सकडून हरला आणि १९५१ साली रॉकी मार्सियानोने त्याला दोरांबाहेर फेकले. आज त्या सामन्याचे चित्र पाहणाऱ्यास दिसतो तो एक थकलेला, वयस्क माणूस. त्यामागील कर्जाचे व करारांचे कागद त्याला दिसत नाहीत. कीर्तीची नासाडी अशीच होते.

नव्या क्लबची सत्ता किती होती? १९४९ ते १९५३ या काळात अमेरिकेत झालेल्या अजिंक्यपदाच्या ४४ सामन्यांपैकी ३६ सामने या गटाच्या हाती होते. अखेर सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली ही मक्तेदारी मोडण्याचा हुकूम कायम केला. पण गेलेली वर्षे कोणते न्यायालय परत देणार? त्याच काळातील आर्ची मूरला अजिंक्यपदाची संधी मिळाली ती पस्तिशी उलटल्यावर, १९५२ साली. त्या सामन्यात पराभूत मॅक्सिमची हमी होती एक लाख डॉलरची; विजेत्या मूरच्या पदरी पडले आठशे! शिवाय मॅक्सिमच्या व्यवस्थापकास मूरच्या पुढील कमाईत वाटा द्यावा लागला तो वेगळाच.

प्रमोटरची बाजूही ऐकावयास हवी. अनोळखी पोरावर पैसा लावण्याचे धाडस तो करतो, सभागृहाचे भाडे भरतो, सामना बुडाला तर नुकसान सोसतो. जेकब्स नसता तर लुईला १९३७ साली संधी मिळाली असती काय, याची शंकाच आहे. जोखमीचा मोबदला कोणी नाकारीत नाही. मात्र पैसा लावणाऱ्याने नफा घ्यावा, माणूस विकत घेऊ नये.

नेमकी हीच मर्यादा २००० साली मुहंमद अलीच्या नावाने झालेल्या कायद्याने आखून दिली. प्रतिस्पर्ध्याशी गाठ घालून देण्याच्या बदल्यात पुढील सामन्यांचे हक्क लिहून घेण्याच्या कराराला त्याने एका वर्षाची मुदत घातली. सामन्याच्या उत्पन्नाचा हिशेब योद्ध्यास दाखविणे बंधनकारक केले. प्रमोटर व व्यवस्थापक यांच्यातील लागेबांध्यांना आळा घातला. हा कायदा परिपूर्ण नाही. मेवेदर व पॅकियाओ यांच्या सामन्याची बोलणी २००९ साली सुरू झाली. वैद्यकीय चाचण्यांचे वाद, प्रमोटरांचे वैर व प्रक्षेपणाचे करार यांत गुंतून तो झाला २०१५ साली, दोघांचाही बहर ओसरल्यावर. मेवेदरने २००६ साली साडेसात लाख डॉलर मोजून आपला करार सोडविला आणि तो स्वतःचा मालक झाला, हे खरे. पण मुक्तीची एवढी किंमत देण्याची ऐपत किती योद्ध्यांची असते?

म्हणूनच असलेले कुंपण बळकट करावयाचे सोडून ते ओलांडण्याची वाट काढून देणे शहाणपणाचे नाही. योद्ध्याच्या पदरी मोजकीच उमेदीची वर्षे असतात. ती कोणाविरुद्ध खर्ची पडली यावरच पुढची पिढी त्याची थोरवी ठरविते. ती वर्षे कागदावर कायमची गहाण पडू नयेत, एवढे पाहणे हे कायद्याचे कर्तव्य आहे. मुठी ज्याच्या, त्यांवरचा हक्कही त्याचाच असला पाहिजे.