पथ्याच्या नावाखाली उपास

पनवेलहून बेलापूर हे लोकलचं चौथं स्टेशन. तिथल्या अपोलोत यकृत प्रत्यारोपण होतं, म्हणजे रायगडातल्या रुग्णाला आता परळ गाठावंच लागतं असं नाही. अंतर कमी झालं, घरची तयारी मात्र जुनीच: पैसा, रक्तगट, यकृताचा तुकडा द्यायला तयार असलेला नातेवाईक. रुग्णाच्या मांड्यांकडे कुणी बघत नाही.

मिशिगन विद्यापीठातल्या सर्जननी १६३ प्रत्यारोपित रुग्णांच्या सीटी स्कॅनवर कण्यालगतचा सोआस स्नायू मोजला. २०१० साली आलेले आकडे असे: स्नायू सर्वांत भरदार असलेल्या गटातले ८७ टक्के रुग्ण वर्षभरानंतर हयात होते, सर्वांत रोडावलेल्या गटातले जेमतेम निम्मे. आजार किती बळावला हे सांगणाऱ्या मेल्ड गुणांकात बिलिरुबिन, क्रिएटिनिनला जागा आहे, स्नायूंना नाही. वजनकाटाही फसवतो. पोटात पाणी साचल्याने वजन तेवढंच दिसतं. पण कानशिलं खोल गेलेली, अंगठी बोटातून गळायला लागलेली.

आणि अशा माणसाला पथ्य! डाळ बंद, अंडं बंद, नुसती पातळ पेज. एके काळी डॉक्टरच हे सांगत: प्रथिनांतून अमोनिया होतो, तो मेंदूला बाधतो. पण अमोनियाचा निचरा करायला स्नायूही हातभार लावतात, हे उमगलं आणि सल्ला उलटला. आता किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं सांगतात. वालाची उसळ, अंडं, दही चालेल. सुकट नको, तिच्यातल्या मिठाने पोटातलं पाणी वाढतं. निरोगी माणूस दोन-तीन दिवस उपाशी राहिल्यावर जिथे पोचतो, तिथे यकृताच्या सिरॉसिसचा रुग्ण एका रात्रीत पोचतो. म्हणून झोपताना दूध-पोळी किंवा सातूचं पीठ हवंच. नवसाची संकष्टी घरातल्या दुसऱ्या कुणी धरावी.

नवं यकृत बसलं की अंग भरेल, ही समजूतही भाबडी. पहिल्या वर्षात वाढतं ते वजन बरंचसं चरबीचं. स्टेरॉइडने स्नायू झिजतात, त्यात घरचे रुग्णाला जागचं हलू देत नाहीत.

तपासायला महागडं यंत्र नको. हात छातीशी बांधून खुर्चीतून पाचदा उठायचं-बसायचं. १५ सेकंदांहून जास्त लागले तर पाय कमजोर. हे पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयातही जमण्यासारखं आहे, आणि आहारतज्ज्ञाच्या चिठ्ठीसह पहिल्याच भेटीत व्हायला हवं, प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागल्यावर नव्हे. तोवर स्टेशनचा जिना आहेच. गेल्या महिन्यात सरळ चढलेला जिना या महिन्यात कठडा धरून चढावा लागला, तर तेही डॉक्टरांना सांगायचं.